सेमीफायनलच्या दिवशी साक्षगंध

देवळीहून कोणी हॉकीच्या सामन्याला निघालं आणि वाटेत कोणी विचारलं, "कुठी चाल्ले?" तर उत्तर ठरलेलं असायचं, "हरायले." हसून नाही, अगदी सरळ चेहऱ्यानं. मुलीला दृष्ट लागू नये म्हणून गालाला काजळाचं बोट लावतात, तशीच ही पद्धत होती. 'जिंकायले चाल्लो' असं तोंडातून काढणारा माणूस आमच्या गावात मी पाहिला नाही. एखादा नवा जावई चुकून म्हणाला असेल, तर त्याला बसमध्ये कोणी जागा दिली नसेल.

आता दृष्ट लागण्यासारखं आमच्या टीममध्ये होतं काय, हा वेगळा प्रश्न. दोन मास्तर, कापसाच्या जिनिंग कारखान्यातला एक फिटर, सायकल दुरुस्तीवाला, काही कॉलेजची पोरं, आणि गोलकीपर म्हणजे सकाळी बाजारात वांगी विकून दुपारी पॅड बांधणारा एक आडदांड शेतकरी. थंडीत, कापसाच्या दिवसांत, जिल्ह्यातल्या आठ टीमांची लीग वर्ध्याला चालायची. दर रविवारी सामने असत. पहिल्या चार टीमा सेमीफायनलला जायच्या. आम्ही कधी सहावे, कधी सातवे. एका वर्षी पाचवे आलो, तर दोन महिने गाव त्याच गोष्टी सांगत होतं.

माझे बाबा या टीमचे भक्त होते. त्यांचं किराणा दुकान. जन्मात त्यांनी हातात स्टिक धरली नव्हती, धावताना तर मी त्यांना कधीच पाहिलं नाही. पण रविवारी दुपार झाली की दुकानाचं शटर खाली यायचं आणि बाबा, मोठे काका, समोरचा पानठेलेवाला आणि आमचे भटजी असे चौघं फुटाण्यांची पुडी घेऊन वर्ध्याच्या बसमध्ये बसायचे. माझ्या भावाला क्रिकेटचं वेड, त्यामुळे लहानपणापासून पाचवी मी. मैदानाच्या कडेला एक कडुनिंब होता, त्याच्याखाली आमची जागा. बाबांना पेनल्टी कॉर्नर बघवत नसे. पंचांनी तसा हात केला, की ते उठून झाडाकडे तोंड करून उभे राहायचे आणि मला विचारायचे, "काय झालं?" मी सांगायचे. बहुतेक वेळा वाईटच सांगावं लागायचं.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटची. त्या वर्षी माझं लग्न ठरलं. मुलगा सेलूचा, घरची शेती आणि बियाण्यांचं दुकान. बघायला आले, पसंती झाली, आणि साक्षगंधाची तारीख काढायला भटजी घरी आले. साक्षगंध म्हणजे बाकीचा महाराष्ट्र ज्याला साखरपुडा म्हणतो तेच. आमच्याकडे ते मुलीच्या घरी होतं आणि कधीकधी लग्नाइतकंच मोठं होतं.

भटजींनी लागोपाठचे दोन रविवार सांगितले. बाबांना लीगचं वेळापत्रक तोंडपाठ. ते म्हणाले, "पहिला जमत नाई. त्या दिवशी पुलगावसंगं मॅच हाय."

"मंग दुसरा धरा," भटजी म्हणाले. मग त्यांनाच आठवलं. "पण त्या दिवशी सेमीफायनल राह्यते ना?"

"राहू द्या ना. आपलं काय काम तिथं?"

दोघंही मनापासून हसले. मी आत चहा गाळत होते, मलाही हसू आलं. सेलूला निरोप गेला, त्यांचा होकार आला, मांडववाल्याला सांगून झालं. मुलीच्या साक्षगंधाची तारीख टीमच्या हरण्यावर विश्वास ठेवून काढणारे लोक देवळीतच सापडायचे. आणि खरं सांगायचं तर तो विश्वास काही चुकीचा नव्हता. इतक्या वर्षांत टीमनं त्याला तडा जाऊ दिला नव्हता.

पुलगावचा सामना हा लीगमधला आमचा शेवटचा. साक्षगंधाला आठवडा राहिलेला. मी निघाले तशी आई आडवी आली. "उन्हात बसशीन तं काळी पडशीन. आठ दिवसांनी पाहुणे येऊन राह्यले, समजते का तुले?"

"पाहून गेले ना ते एकदा," मी म्हणाले.

"पाह्यलं तवा गोरी होती."

बाबांनी मध्यस्थी केली, म्हणजे काहीच न बोलता छत्री माझ्या हातात दिली. मी छत्री घेऊन कडुनिंबाखाली बसले. झाडाच्या सावलीत छत्री उघडून बसलेली मुलगी बघायला अर्धं मैदान वळत होतं, पण आईचा शब्द मोडायचा नव्हता.

पुलगावची टीम दरवर्षी पहिल्या दोघांत असायची. त्यांचा पहिला गोल लवकर झाला. पानठेलेवाल्यानं फुटाणे काढले. आपला पराभव आम्ही नेहमी खातपीतच बघायचो. पण त्या दिवशी गोलकीपर वेगळ्याच तंद्रीत होता. पॅडवर, छातीवर, एकदा तर सरळ कपाळावर बॉल घेतला त्यानं. खाली बसला, डोक्यावर पाणी ओतून घेतलं आणि परत उभा राहिला. दुसऱ्या हाफमध्ये धाकट्या मास्तरांनी कुठून तरी एक बॉल काढला, फिटरला दिला, आणि गोल झाला. आम्ही ओरडलो नाही. फाउलचा हात करून पंच तो रद्द करतील म्हणून वाट बघत राहिलो. त्यांनी केला नाही.

मग सामना संपायला आला असताना आम्हाला पेनल्टी कॉर्नर मिळाला. बाबा सवयीनं उठले आणि झाडाकडे वळले.

"काय झालं?"

"अजून मारला नाही."

"आता?"

बॉल आत आला, सायकलवाल्यानं थांबवला, मोठ्या मास्तरांनी मारला, आणि तो पुलगावच्या गोलकीपरच्या दोन्ही पायांमधून आत गेला. गोलच्या फळीवर आपटल्याचा आवाज बाबांनीही ऐकला असणार. तरी त्यांनी विचारलं, "काय झालं व बाई?"

"गोल झाला, बाबा."

"कोनाचा?"

"आपला झाला."

ते वळले, मैदानाकडे बघितलं, आणि खाली बसले. शिट्टी वाजेपर्यंत ते तसेच बसून होते, आणि माझ्या छत्रीची मूठ त्यांनी घट्ट धरली होती.

जिंकल्यावर काय करायचं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. पुलगाववाले गेले, आणि आमचे लोक मैदानावर जाऊन टीमभोवती नुसते उभे राहिले, जसं नवीन ट्रॅक्टर बघायला उभे राहतात. कोणी मास्तरांच्या खांद्याला हात लावला, कोणी गोलकीपरचं कपाळ बघितलं. मोठे काका पुन्हा पुन्हा म्हणत होते, "बरे खेळले पोट्टे, बरे खेळले." त्यापेक्षा मोठं कौतुक करायची कोणाला सवयच नव्हती.

खरी गंमत बसमध्ये झाली. टीम आणि आम्ही एकाच बसमध्ये. वाटेतलं सेलूकाटे गाव मागे पडलं असेल, तेव्हा मोठ्या काकांच्या डोक्यात हिशेब सुरू झाला. ते आठही टीमांचे गुण मोठ्यानं मोजायला लागले. सगळी बस कान देऊन ऐकत होती, ज्यांना हॉकीशी देणंघेणं नाही तेसुद्धा. हिशेब एका जागी येऊन थांबला. चौथ्या जागेसाठी आता दोनच टीमा उरल्या होत्या, आम्ही आणि सेलू. अवकाळी पावसात मैदान ओलं झाल्यामुळे सेलूचा आर्वीशी होणारा सामना बुधवारवर गेला होता. सेलू जिंकली, तर चौथी सेलू. नाही जिंकली, तर चौथे आम्ही.

"मंजे आपण सेमीफायनलमंधी?" कोणीतरी मागून विचारलं. एवढा मोठा शब्द आमच्या बसमध्ये पहिल्यांदाच उच्चारला गेला होता.

कंडक्टरनं घंटी दोनदा उगाचच वाजवली. टीममधली पोरं ओरडायला लागली. आणि त्या गोंधळात भटजींनी हळूच बाबांकडे बघितलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते. बाहेर तुरीचं शेत सोडून काही नव्हतं.

"सेमीफायनल रविवारी हाय," भटजी म्हणाले.

"माह्यीत हाय मले," बाबा म्हणाले.

सोमवार-मंगळवार दुकानात गिऱ्हाइकापेक्षा हॉकीवालेच जास्त होते. साखर न्यायला आलेली माणसं तास तास उभी राहायची. सेलूचा फुलबॅक आजारी आहे, आर्वीचा नवा पोरगा चांगला मारतो, अशा खऱ्याखोट्या बातम्या काउंटरवर येऊन पडत होत्या. गोलकीपरच्या वांग्यांना तर कोणी भावच विचारेना, सांगेल तो देऊन मोकळे होत होते. कपाळावर टेंगूळ घेऊन तो ऐटीत बसायचा. गावात 'हरायले' हा शब्द दोन दिवस कोणाच्या तोंडून निघाला नाही. आशा वाईट असते ती अशी, माणसाच्या सवयी मोडते.

या सगळ्यात बाबांची स्थिती मात्र बघवत नव्हती. सगळं गाव सेलूनं हरावं म्हणून देव पाण्यात घालून बसलं होतं. बाबांनी काय मागायचं? सेलू जिंकली असती, तर त्यांचं काहीच बिघडत नव्हतं. टीम बाहेर, रविवार मोकळा, मुलीचं साक्षगंध शांतपणे. सेलू हरली, तर ज्या दिवसाची त्यांनी इतकी वर्षं कडुनिंबाखाली बसून वाट बघितली, तो दिवस येणार होता, आणि तेव्हा ते मांडवात सुपारी हातात घेऊन बसणार होते. स्वतःच काढलेल्या तारखेमुळे. आणि तरीही आपल्या टीमचं वाईट चिंतणं त्यांच्या रक्तात नव्हतं. मंगळवारी संध्याकाळी ते देवळात गेले आणि लवकरच परत आले. आईनं विचारलं, "काय मांगतलं?"

"काईच नाई. नुस्ता हात जोडून आलो."

आई म्हणाली, "पोरीचं साक्षगंध हाय घरी, अन् तोंड पाहा कसं करून राह्यले." ती खरोखर चिडली होती, आणि तिच्या बाजूनं मीही थोडी चिडले होते. मुलीच्या आयुष्यात असा दिवस एकदाच येतो वगैरे मलाही वाटत होतंच. फरक एवढाच होता की मलासुद्धा तो सामना बघायचा होता. आईला हे सांगायची सोय नव्हती. एका घरात दोन वेडे तिला झेपले नसते.

बुधवारी संध्याकाळी दुकानातला फोन वाजला. सेलूहून व्याह्यांचा होता. रविवारी किती माणसं येणार, ते सांगायला त्यांनी केला होता. मी दुकानातच मसाल्याच्या पुड्या बांधत होते. बाबा "हो, हो, या ना, सारेच या" म्हणत होते. मग पलीकडून काहीतरी सांगितलं गेलं. बाबा म्हणाले, "अरेरे. फार वाईट झालं बापा." पुन्हा म्हणाले, "फारच वाईट."

बोलताना त्यांचा चेहरा असा फुलला होता, की फोनमधून माणूस दिसत नाही हे किती बरं आहे, असं मला वाटलं. काउंटरशी उभ्या असलेल्या पानठेलेवाल्यानं तो चेहरा बघितला आणि सुपारी कातरायचा अडकित्ता हातात घेऊनच तो रस्त्यावर धावला. बाबांनी फोन ठेवला तेव्हा बाहेर आरडाओरडा सुरू झाला होता. कोणीतरी फटाक्यांची लड लावली. दिवाळीतली उरलेली असावी, अर्धी फुसकी निघाली.

"सेलू हरली," बाबा मला म्हणाले. "दोन गोलनं." आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. मी समोरच बसले होते, तो उतरताना मी सगळा पाहिला.

दुसऱ्या दिवसापासून तारीख सरकवायचा आग्रह सुरू झाला. मोठे काका येऊन बसले. टीमचे मास्तर आले. भटजी तर पंचांग घेऊनच आले आणि म्हणाले, पुढच्या आठवड्यातही एक बरा दिवस आहे, शोधला तर मुहूर्त सापडतो. बाबांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "जबान देल्ली हाय."

"पन सोयरे आपलेच हाय, सांगून पाहाले काय जाते?" काका म्हणाले.

"काय सांगू? तुमची टीम हरली म्हणून आमची वर गेली, आता आमाले ते पाहाले जाचं हाय, तवा तुमी पुढच्या रईवारी या? असं सांगू?"

काका चहा पिऊन गेले.

शुक्रवारी दुपारी दुकानात कोणी नव्हतं, तेव्हा मी बाबांना म्हणाले, "बाबा, तुम्ही जा. सुपारी काकांच्या हातून होऊ द्या. तेही मोठेच आहेत घरातले."

बाबा माझ्यावर रागावल्याचं मला फारसं आठवत नाही, पण त्या दिवशी रागावले. "डोकं ठिकाणावर हाय का तुयं? बाप जिता असून काकाच्या हातानं सुपारी?"

"मग तोंड असं करून बसू नका रविवारी," मीही रागानंच म्हणाले. "मला वाटेल माझं साक्षगंध नाही, कोणाचं मयत आहे. आणि तुम्हाला एकट्यालाच बघायची होती का मॅच? मलेही पाहाची होती."

घरात मी शुद्ध बोलायचे, कॉलेजात गेल्याचा माज म्हणून. रागात वऱ्हाडी आली तशी बाबा हसले. बराच वेळ हसत राहिले. मग म्हणाले, "हे तं मले सुचलंच नाई." आणि गुळाच्या ढेपेवरचं फडकं उगाच सारखं करत राहिले.

रविवार उजाडला. सकाळी टीम बसनं गेली, तिला सोडायला गाव स्टॅंडवर लोटलं होतं. बाबा गेले नाहीत. ते मांडवात खुर्च्या मोजून घेत होते. दुपारी बाराच्या सुमारास सेलूचे पाहुणे मेटॅडोरनं आले. पाय धुणं, सरबत, ओळखी झाल्या. पहिली पंगत आमच्या गाववाल्यांनीच उरकली, ती इतक्या लगबगीनं की पुरी तोंडात आणि चप्पल पायात. हात धुवून जो तो मांडवाच्या मागच्या बाजूनं निघून जाई. बाहेर एक जीप आणि दोन ट्रॅक्टर उभे होते हे मला खिडकीतून दिसत होतं. आचारी कढईखालचा जाळ काढून गेला. भावानं वाढायला बोलावलेली पोरं गेली. क्रिकेटवाला माझा भाऊ, तोसुद्धा मागच्या दारापर्यंत जाऊन आईच्या नजरेनं परत आला.

मुहूर्ताला मी बाहेर येऊन पाटावर बसले तेव्हा मांडवात बायका भरपूर होत्या, सेलूचे पुरुष होते, आणि देवळीचे पुरुष म्हणजे बाबा, भटजी, माझा भाऊ आणि चालता न येणारे दोन म्हातारे. भटजींचं तोंड बघण्यासारखं होतं. मंत्र त्यांनी अशा वेगानं सुरू केले की बाबांना सांगावं लागलं, "सावकाश होऊ द्या. घाई नाई आपल्याले."

होणाऱ्या सासऱ्यांनी मांडवभर नजर फिरवली. "गावात काई झालं का? मानसं दिसत नाई."

आई पुढे होऊन काहीतरी थाप मारणार होती. बाबांनी सरळ सांगितलं, "वर्ध्याले सेमीफायनल हाय आमची. तिकडे गेले सारे."

"आन् तुमी?"

"माह्या घरी कार्य हाय ना."

सासऱ्यांनी बाबांकडे जरा वेळ बघितलं आणि मान हलवली.

सुपारी झाली. सासूबाईंनी माझी ओटी भरली, साडी दिली. अंगठ्या झाल्या. मी मान खाली घालून बसले होते, तशीच बसायची रीत होती, पण कार्यक्रमाच्या मध्यावर मला जाणवलं, आता तिकडे सामन्याची शिट्टी झाली असेल. मी मान वर केली. बाबा माझ्याकडेच बघत होते. त्यांच्याही मनात तेच आलं असेल असं मला वाटलं, आणि मी भुवईनंच विचारलं. त्यांनी किंचित मान हलवली, नाही अशी. 'ते सोड, पुढे बघ,' असं काहीसं. त्यानंतर ते सगळा वेळ तिथेच होते, नुसते शरीरानं नाही. माझ्या हातात अंगठी घातली जाताना त्यांचे डोळे भरले होते, आणि ते हॉकीसाठी नव्हते एवढं मला नक्की समजत होतं. त्या क्षणी माझ्या मनात बाबांविषयी जी माया दाटून आली, ती पुढे लग्नात पाठवणीच्या वेळीसुद्धा तेवढी आली नाही.

दिवेलागणीला लोक परतले. घरी न जाता सरळ मांडवात आले, धुळीनं माखलेले, घसे बसलेले. आम्ही हरलो होतो. दोन गोलनं मागे असताना बरोबरी केली होती आणि मग पेनल्टी स्ट्रोकमध्ये एकानं हरलो. पण कोणाच्या चेहऱ्यावर हरल्यासारखं काही नव्हतं. सगळे एकाच वेळी बोलत होते. गोलकीपर पॅड खांद्यावर टाकूनच आला होता. बाबांनी त्याला हाताला धरून पाटावर बसवलं आणि स्वतः त्याच्या पानात बुंदी वाढली.

"सांग," ते म्हणाले.

तो सांगू लागला, त्याला अडवून काका, काकांना अडवून पानठेलेवाला. प्रत्येकाचा सामना वेगळा होता. बाबा हातात बुंदीचं भांडं घेऊन उभे राहून ऐकत होते. माझा होणारा नवरा तोवर माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. तो तेव्हा जवळून जाताना हळूच म्हणाला, "आमची टीम जिंकली असती तर तुमचे गाववाले जेवून थांबले असते." मला हसू आवरलं नाही. आईनं डोळे वटारले.

त्यानंतर आमची टीम सेमीफायनलला कधी पोहोचली नाही. पुढच्या वर्षी सातवे आलो. मोठ्या मास्तरांची बदली झाली, फिटर नागपूरला गेला, आणि दोन हजार सालानंतर केव्हातरी लीगच बंद पडली. बाबांना त्यांची सेमीफायनल पुन्हा मिळाली नाही. मी कधी त्यांना त्याबद्दल विचारलं नाही, त्यांनीही हळहळ कधी बोलून दाखवली नाही.

मात्र गावात तो सामना वाढत गेला. जसजशी वर्षं गेली, तसतशी बघणाऱ्यांची संख्या वाढली. एक जीप आणि दोन ट्रॅक्टरांत किती माणसं मावतात याला काही मर्यादा असते, पण देवळीत आता असा पुरुष सापडणं कठीण, जो त्या दिवशी मैदानावर नव्हता. मांडवात मला स्वतःला दिसलेले दोन म्हातारे, तेसुद्धा मरेपर्यंत सांगत राहिले की आम्ही गोलच्या मागेच उभे होतो. भटजी तर स्ट्रोक कसा हुकला ते हात करून दाखवतात. माझ्या साक्षगंधाचे मंत्र मग कोणी म्हटले, असं विचारायचा मोह मला होतो, पण भटजींचा आनंद कशाला घालवा.

माझी मुलगी सात-आठ वर्षांची असताना आम्ही दिवाळीला देवळीला गेलो होतो. संध्याकाळी दुकानासमोर मंडळी जमली होती आणि पानठेलेवाल्यानं तोच सामना काढला होता. भटजी होते, काका होते. मुलगी काउंटरवर बसून तोंड उघडं ठेवून ऐकत होती. मी आतल्या दाराशी उभी होते. स्ट्रोक हुकला, सामना संपला. मुलगी बाबांकडे वळली.

"आबाजी, तुम्ही कुठी उभे होते?"

बाबा तेव्हा कोणाला तरी साबुदाणा मोजून देत होते. मला वाटलं, ते म्हणतील कडुनिंबाखाली. म्हणाले असते तर एकानंही खोटं पाडलं नसतं. इतक्या वर्षांत, इतक्या सामन्यांना बसलेल्या माणसाचा तेवढा हक्क होता.

"मी नव्हतो," बाबा म्हणाले.

"सारे होते अन् तुम्हीच नव्हते?"

"हो. मी एकटाच नव्हतो." त्यांनी पुडी बांधली, दोरा तोडला. "तुया मायचं साक्षगंध होतं त्या दिवशी. तिच्या बोटात आंगठी घातली ना, तवा मी तिच्या समोर बसलो होतो. मॅच तं साऱ्या गावानं पाह्यली. ते कोणीच नाई पाह्यलं."